नीलम सोसण्याची परीक्षा

विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी गुजरी या सराफपेठेतल्या एका रत्नविक्रेत्याच्या दुकानात जाऊन बसतो. नीलम दाखवताना तो आवाज खाली आणतो, जणू खडा झोपलेला आहे. नीलम सोसतो की नाही, हे पाहण्यासाठी गिऱ्हाईक तो तीन रात्री उशाखाली ठेवते. म्हैस आटली म्हणून परत आलेला खडा हा गृहस्थ पुढच्याला अभिमानाने दाखवतो, "जागृत हाय, पावणं! म्हस आटवली ह्यानं."

परवा एक बाई पाटल्या मोडायला घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलेले नवऱ्याच्या हृदयाचे ऑपरेशन टाळून तिला त्याच्या बोटात नीलम घालायचा होता. मी समजावले, की नीलम आणि माणिक हे एकाच खनिजाचे प्रकार असून फरक केवळ रंगाचा आहे. त्याने हृदय सुधारत नाही.

"मास्तर, शाळा सुटली न्हवं तुमची?" ती म्हणाली.

रत्नविक्रेत्याने नीलम कपाटात ठेवला. "अक्का, पाटल्या मोडून घेतलेला नीलम उलटतोय की! आदी आपरेशन करा, मग खडा."

ती घाबरली आणि पाटल्या घेऊन थेट दवाखान्याकडे निघाली.

"हे कोणत्या ग्रंथात आहे?" मी विचारले.

"कुठल्याच न्हाय. पर तुमच्या पुस्तकातलं ऐकून ती उठली व्हय?"