हळद लागलेला गोलकीपर

नोकरीत असताना मी ऑफिसातले किस्से सांगायचो, तेव्हा मित्र म्हणायचे, "नाना, रिटायर झालास की तुझा साठा संपणार." रिटायर झालो आणि एका हॉकी टीमचा सेक्रेटरी झालो. आता साठा ठेवायला जागा नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून आमची ही एक पगारी टीम. मालक लालूशेठ, त्यांचा उल्हासनगरात जीन्सचा कारखाना. लीगवाल्यांची अट सरळ होती: सीझनच्या शेवटच्या मॅचला मैदान भरलेलं दिसलं, तर टीम इथे राहील. नाही दिसलं, तर मोठ्या शहरात जाईल.

सगळ्यात जास्त घोर लागला होता गोलकीपर रवीला. एमआयडीसीतली नोकरी सोडून तो टीममध्ये आलेला. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, "पगार चालू राहील ना?" एवढं एकच विचारून मुलगी दिली होती.

*

लालूशेठनी टीमचे ड्रेस घरच्याच कारखान्यात शिवले. हाफ पँटसुद्धा जीन्सच्या! पहिल्या मॅचला एकालाही वाकता येईना. हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे, हे मी त्यांच्या कानावर घातलं.

"साईं, दो धुलाई में ढीला हो जाएगा."

दोन धुलाया होईपर्यंत आम्ही ताठ उभे राहून हरलो.

*

आमचं मैदान बदलापूर गावात, एका भावकीच्या सामाईक जमिनीवर. गेटवर त्याच भावकीतले बाळूकाका. आपल्याच जमिनीवर आपल्या माणसांना तिकीट मागणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी भावकी आत सोडली. मग भावकीचे जावई. मग जावयांचे मित्र.

तिकीट काढून आत आलेला माणूस एकच निघाला, पाहुण्या टीमच्या बसचा ड्रायव्हर. हाफ टाइमला बाळूकाकांनी त्याचेही पैसे परत केले.

"पाव्हणा आहे बिचारा!"

*

कॉमेंट्रीला बेलवलीचा सुन्या. त्याचा सगळा अनुभव टेनिस बॉलच्या क्रिकेटचा. आमचा एक फटका गोलच्या बाजूने बाहेर गेला आणि सुन्या माइकमध्ये ओरडला, "आणि हा चौकार!" पब्लिक उभं राहिलं.

तीन गोलनी हरलो. बाहेर पडताना दोघं बोलत होते, "हरले रे, पण रन चांगले काढले."

*

शेवटची मॅच नेमकी रवीच्या हळदीच्या दिवशी आली. रवीचं गाव चामटोली, आणि तिथली हळद म्हणजे सगळं गाव, सगळे पाहुणे आणि डीजे. मैदानावर कोण येणार? रवीसुद्धा येणार नव्हता. त्याच्या आईने दारातच सांगितलं, "हलद लागलेला पोर वेशीचे बाहेर जात नाय."

लालूशेठनी थोडा विचार केला. "पोरगा बाहेर नहीं आएगा, तो मॅच अंदर लाओ ना!"

चामटोलीत आमचं प्रॅक्टिसचं मैदान होतं, वेशीच्या आत. मांडव त्याच्याच कडेला टाकला. लीगचे साहेब पोचले, तेव्हा मैदानाच्या चारी बाजूंना माणसं दाटीने उभी. डीजे चालू. गोलमध्ये नखशिखांत पिवळा रवी, वरून पॅड बांधलेले.

शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांना पेनल्टी स्ट्रोक मिळाला. स्कोअर बरोबरीत. त्यांचा खेळाडू पुढे आला, तशी रवीची आई हळदीची वाटी घेऊन थेट गोलपोस्टपाशी.

"ए पोरा! माझे रवीला लागला, तं उद्या मांडवान तू उभा रवशील काय?"

पोराने एकदा आईकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे, आणि बॉल बाहेर मारला.

"चौकार!" सुन्या ओरडला.

साहेब खूश. एवढी गर्दी त्यांनी मोठ्या शहरातही पाहिली नव्हती म्हणे. टीम इथेच राहील, म्हणाले. रवीच्या सासऱ्यांनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. निघताना साहेबांनी सहज विचारलं, "पुढच्या सीझनलाही दर मॅचला एवढं पब्लिक येईल ना?"

लालूशेठ टीमकडे वळले.

"साईं, अभी कुंवारा कौन कौन बाकी है?"

आमच्या कॅप्टनला दोन मुलं आहेत. त्यानेही हात वर केला.