टर्नरकाकांची सातची हजेरी

सकाळी सातच्या ठोक्याला टर्नरकाका खुर्ची पुढे ओढत, घसा खाकरत आणि रेडिओचं बटण दाबून बावीस हौशी रेडिओवाल्यांची हजेरी घेत. कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं घालवून ते निवृत्त झाले, परवान्याची परीक्षा दिली आणि दोन वर्षांत हे सातचं 'नेट' त्यांच्याकडे आलं. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी हवेत भेटायचं. काकांनी एकेकाला पुकारायचं, त्याचं ऐकायचं आणि त्याचा सिग्नल कसा येतोय ते सांगायचं. त्यांच्या शब्दावर लोक आपले अँटेना फिरवत, तारा बदलत. पगार शून्य, पण दुकानात कोणी "काका, आज कसा होतो मी?" असं विचारलं की त्यांना मूठभर मांस चढे.

अडचण एकच होती. काकांना ऐकू येईनासं झालं होतं.

लेथच्या पलीकडच्या शेडमध्ये दिवसभर घण पडायचे, आणि कानात बोळे घालणाऱ्याला "काय, सर्दी झाली का?" म्हणून चिडवायचे. त्यामुळे कोणीच घालत नसे. आता काकांचे जाडे आवाज शाबूत होते, बारीक गेले होते. माणूस बोलतोय हे कळे. काय बोलतोय ते कळत नसे.

पण टर्नर मापावर जगतो, आणि रेडिओला काटा होता. समोरच्याने बटण दाबलं की काटा चढे, सोडलं की पडे. काटा पडला की काका म्हणत, "वा, छान! फाइव्ह नाइन. पुढचं स्टेशन!" नऊ म्हणजे सिग्नलला भरपूर जोर, तो काट्यावर दिसे. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला. तो काका अंदाजपंचे देत. सकाळी सातला कोण काय नवीन सांगणार? सगळ्यांची तब्येत बरी, सगळ्यांकडे ढग. दीड वर्ष निभावलं.

मग कवळीवाला आला. कवळ्या बनवणाऱ्या या गृहस्थाला नुकताच परवाना मिळाला होता. "उद्या पहिल्यांदाच येतोय, काका. खरा रिपोर्ट द्या," असा निरोप त्याने आदल्या दिवशी पाठवला होता.

काकांनी पुकारलं. काटा टोकाला टेकला, थोडा वेळ थांबला, पडला.

"वा! शब्द न् शब्द कळला! दातांचाच धंदा ना, उच्चार स्पष्ट असणारच. फाइव्ह नाइन!"

बायको ओले हात पुसत आतून आली आणि समोर उभी राहून शब्द तोडत म्हणाली, "अहो, कोणी बोललंच नाही."

"काटा तर चढला!"

"काट्याला तोंड असतं का?"

काकांच्या लक्षात आलं. माइकची तार सुटली असणार. सिग्नल निघाला, त्यावर आवाज चढलाच नाही. बटण दाबून तेवढं सांगायला दहा सेकंद पुरले असते. काकांनी बटण दाबलं आणि पुढचं स्टेशन पुकारलं.

संध्याकाळी केमिस्टताई घरी आली. नेटवरची ती जुनी मेंबर. तिने तोंडाशी हात न नेता सावकाश सांगितलं, "कवळीवाला दिवसभर हाका मारत होता. कोणी ओ देईना. तुम्ही आवाज पास केलात, म्हणजे दोष अँटेनातच, असं समजून बिचाऱ्याने चांगला अँटेना उतरवला. गच्चीवर त्याच्या नळ्या पसरून बसलाय."

"तुम्ही कोणीच सांगितलं नाहीत त्याला?"

"तुमचं हसं होईल म्हणून गप्प बसलो. सहा महिने गप्पच आहोत, काका."

"म्हणजे बावीस जण रोज खोटा रिपोर्ट घेत होतात?"

"तुम्ही देत होतात ना!"

काका पायात चपला सरकवून कवळीवाल्याच्या गच्चीवर गेले, माइकची तार सोल्डरचा डाग देऊन जोडली आणि अँटेना परत जुळवायला खाली बसले. दुसऱ्या दिवशी सातला त्यांनी एवढंच सांगितलं: "मला ऐकू येत नाही. माझे दीड वर्षाचे रिपोर्ट फाडून टाका. उद्यापासून हजेरी ताई घेतील."

आठवडाभर खुर्ची रिकामी राहिली. मग एका दुपारी त्यांनी मोर्स संदेश वाजवायची किल्ली बाहेर काढली. परीक्षेपुरता शिकलेला जुन्या तारायंत्राच्या कट्ट-कडकट्टचा तो अभ्यास धूळ खात पडला होता. टिपेच्या सुरातलं काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यांनी सुराचं बटण खाली खाली नेलं, पार बेडकाच्या डरावण्यापर्यंत. आणि तिथे, जाड्या आवाजात, अक्षरं सुटी होऊन येऊ लागली. कोणीतरी लांबून, सावकाश, हाक मारत होतं. काकांनी उत्तर दिलं. समोरच्याने नाव पाठवलं. निम्मं निसटलं.

आजवर "पुन्हा सांगा" म्हणताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मोर्समध्ये त्याला एक प्रश्नचिन्ह पुरतं. काकांनी ते वाजवलं. नाव पुन्हा आलं, तितक्याच शांतपणे.

"काय म्हणतोय?" बायकोने मानेनेच विचारलं.

"नाव सांगतोय. पाच अक्षरी आहे." काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. चौथं अक्षर संशयास्पद होतं. त्यांनी पुन्हा प्रश्नचिन्ह वाजवलं.