नवरदेवाची वायर

आमच्या इमारतीत मध्यंतरी एक कुजबुज चालली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या फोटोवाल्याच्या मुलीने म्हणे ऐन कार्यक्रमाच्या दिवशी कंपनीच्या महागड्या मशीनवर मुद्दाम चहा ओतला, आणि म्हणून तिची नोकरी गेली. ही बातमी तळमजल्यावरून चौथ्यापर्यंत पोचवताना माझेच गुडघे झिजले आहेत. पहिल्या मजल्यावर चहा नुसता सांडला होता. दुसरा मजला मी टाळला, तिचाच तो. तिसऱ्यावर चहा ओतला गेला आणि चौथ्यावर पोचेपर्यंत तो उकळता होता. आता एवढे जिने चढून गेल्यावर थंड बातमी कोण देणार?

आधी ही मुलगी कोण ते सांगतो. मुलगी म्हणजे छत्तीस वर्षांची बाई, पण तिला मी दुधाचे दात पडताना पाहिलं आहे, म्हणून मुलगीच. ऑफिसात तिला ‘खुसपट’ म्हणत. एरवी असं नाव पडलं की माणूस रुसतो. हिने ते स्वतःच्या हाताने पाटीवर लिहून टेबलावर ठेवलं.

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. खाली गाद्यांचं दुकान, वर बावीस माणसं. खुसपटचं काम म्हणजे अर्धवट तयार गेम दिवसभर खेळायचा आणि चुका शोधून वहीत टिपायच्या. आमच्या सौभाग्यवतींना हे काम कधी पटलंच नाही.

“दिवसभर खेळतेस, मग घरी येताना एवढी दमलेली कशी गं?”

“काकू, तुम्ही एकाच भिंतीवर चारशे वेळा होडी आपटून बघा, मग सांगा.”

ही होडी त्यांच्या नव्या गेममधली. तीन वर्षं त्याच्यावर काम चाललं होतं. संध्याकाळच्या वेळी नदीतून होडी हाकत एका शहरातून जायचं आणि पुलांखाली दडवलेली जुनी पत्रं शोधायची, असा तो खेळ. खुसपट तो खेळायची सहा वर्षं जुन्या एका मशीनवर. त्याचा पंखा सुरू होताना आधी खाकरायचा, म्हणून त्याचं नाव ‘म्हातारी’. “लोकांच्या घरी असलंच मशीन असतं,” असं ती म्हणायची, आणि म्हातारीवर जे नीट चालेल तेच पास करायची.

दुसरं मशीन मालकसाहेबांच्या खोलीत. काचेच्या बाजू, आत लुकलुकणारे रंगीत दिवे, किंमत विचारायची सोय नाही. सदा नटूनथटून बसलेलं, म्हणून ते ‘नवरदेव’. कंपनीतल्या जाहिरातवाल्याने गेमचा ट्रेलर बनवला तो फक्त नवरदेवासाठी. त्यात नदीवर प्रत्येक खिडकीचा उजेड वेगवेगळा थरथरतो, पुलावर दोनशे माणसं येजा करतात, होडीवालीच्या केसाचा एकेक धागा वाऱ्याने उडतो. इकडे म्हातारीवर पाणी इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट. पुलावर माणसं अकरा. त्यातला छत्रीवाला तीन वेळा येतो, तोच चेहरा, तीच छत्री. ट्रेलरमधली नदी काही प्रत्यक्ष गेममध्ये नव्हतीच. ती तेवढ्या तीन मिनिटांसाठी वेगळी रंगवली होती.

मग एका मोठ्या सभागृहात गेम लोकांना दाखवायचा ठरला. त्याच संध्याकाळी आगाऊ नोंदणी सुरू व्हायची होती. आदल्या दिवशी जाहिरातवाल्याने खुसपटला मालकसाहेबांच्या खोलीत बोलावलं.

“स्टेजवर तू बसायचंस. कंट्रोलर हातात धरायचा. मागे पडद्यावर ट्रेलर चालेल, त्याच्या तालावर अंगठे हलवायचे. लोकांना वाटलं पाहिजे तूच खेळतेयस.”

“कंट्रोलर जोडलेला असेल?”

“कशाला? भलतं बटण दाबशील आणि ट्रेलर थांबेल.”

“म्हणजे खेळायचं नाही, खेळल्यासारखं करायचं.”

“नऊ वर्षं खेळलीस ना? आता तीन मिनिटं अभिनय कर.”

“आणि कुणी विचारलं, घरी हे असंच दिसणार का?”

“याहून छान, म्हणायचं.”

मालकसाहेब माणूस वाईट नव्हे. ते समजुतीने म्हणाले, “अगं, या धंद्यात सगळेच थोडं नटवून दाखवतात. एवढं पार पडलं की टेस्टिंगचा पूर्ण विभाग तुझ्या हाताखाली. नाही जमलं तर मात्र माझाही नाइलाज आहे.”

नाइलाज म्हणजे काय हे तिला कळत होतं. घरात पगार तिचा एकटीचा. बाबांचं फोटोचं दुकान मोबाइलने कधीच गिळलं होतं. तरी ती म्हणाली, “साहेब, मी खराखुरा खेळणार. म्हातारीवर. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून म्हणू नका सांगितलं नव्हतं.”

दोघेही खो खो हसले. “खुसपट आज रंगात आहे,” जाहिरातवाला म्हणाला. हसण्याच्या नादात दोघांनी तिला हो की नाही हे विचारलंच नाही. चूक झाली ती तिथे.

त्या संध्याकाळी म्हातारीला बरोबर घेऊनच ती घरी आली आणि बाबांना सगळं सांगितलं. हे बाबा म्हणजे एके काळी चेहरे उजळवण्यात पटाईत. माझ्या लग्नातल्या फोटोत त्यांनी माझी हनुवटी अशी काही तासली की सौभाग्यवती आजही तो फोटो दाखवून “हे गृहस्थ कुठे गेले?” असं विचारतात. त्यामुळे मागाहून हे ऐकताना मला वाटलं, ते मुलीला म्हणाले असतील, हलव बाई अंगठे.

पण ते म्हणाले, “एका बाईंच्या ओळखपत्राच्या फोटोत मी गालावरचा तीळ पुसला होता. लाडाने. तीन दिवसांनी त्या परत आल्या. खिडकीवरचा कारकून म्हणाला होता, ही बाई तुम्ही नाहीच. दिवसभर रांगेत उभं राहून वर खोटारडी ठरून आल्या होत्या.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“बारीक पेन्सिल घेतली आणि तीळ परत काढून दिला.” मग म्हणाले, “माफी मात्र मागितली नाही. ते राहूनच गेलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला जिन्यात भेटली. बाबांची दिवे न्यायची चाकांची जुनी पेटी ओढत चालली होती, वरून टॉवेल गुंडाळलेला.

“काय गं, कुणाबरोबर पळून चाललीस?”

“म्हातारीबरोबर, काका. वाटेतून सरकता का?”

मी सरकलो. त्यानंतर तासाभरात काय काय सांगत फिरलो ते इथे नको.

सभागृहातलं सगळं मला तिच्या बाबांनी सांगितलं. ते पाचव्या रांगेत बसले होते. सभागृह भरलेलं. बाहेर रांगेत एका चष्मेवाल्या बाईने खुसपटला हटकून विचारलं होतं, “माझ्याकडे पाच वर्षांचं मशीन आहे. चालेल ना हो त्यावर?” तिने उत्तर दिलं, “आत बघा आणि तुम्हीच ठरवा.”

स्टेजवर एका बाजूला नवरदेव झगमगत होता, सुरू होता, ट्रेलर लावून तयार. जाहिरातवाल्याने टाळ्या मागितल्या आणि विंगेत जाऊन उभा राहिला. खुसपट खुर्चीवर बसली. मग उठली. पडद्याकडे जाणारी वायर तिने नवरदेवाच्या मागून काढली, शेजारच्या पेटीवरचा टॉवेल बाजूला केला आणि ती म्हातारीला जोडली. कंट्रोलरही जोडला.

मग माइक हातात घेऊन म्हणाली, “इथे तुम्हाला एक ट्रेलर दाखवणार होते आणि मी खेळायचं नाटक करणार होते. हा कंट्रोलर कशालाही जोडलेला नव्हता. आता जोडलाय. आता जे दिसेल तो खरा गेम आहे, सहा वर्षांच्या मशीनवर.”

म्हातारी खाकरली. माइकमधून ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. पडदा काळाच राहिला. दहा सेकंद, वीस सेकंद. बाबा म्हणतात, त्यांनी तेवढ्यात दोनदा घाम पुसला. विंगेतून जाहिरातवाला हातवारे करत होता, तिने त्याच्याकडे पाठ केली.

चाळिसाव्या सेकंदाला नदी आली. सपाट, करडी. मागून कुणीतरी मोठ्याने हसलं. पहिल्याच पुलाखाली होडी खांबात अडकली.

“ही जागा मला पाठ आहे,” ती म्हणाली. “इथे मी तीनशे वेळा अडकलेय. उलटी घेतली की सुटते. तुम्ही घ्याल तेव्हा कदाचित दुरुस्त झालेली असेल, कदाचित नसेल.” होडी सुटली.

“अहो ताई, त्या छत्रीवाल्याला भाऊ किती?” कुणीतरी ओरडलं.

“तिळे आहेत. आईला विचारून सांगते.”

आता सगळं सभागृह हसलं, पण हे हसणं वेगळं होतं. मग प्रश्न सुरू झाले. पाणी असंच राहणार का? राहणार. गर्दी वाढणार का? जुन्या मशीनवर नाही. मग यात चांगलं काय आहे? तेव्हा तिने होडी तिसऱ्या पुलाखाली नेली आणि एक पत्र शोधून उघडलं. ते पत्र लोकांनी शांतपणे वाचलं. तीन मिनिटांचा कार्यक्रम पस्तीस मिनिटं चालला. चष्मेवाली बाई जाताना म्हणाली, “पाणी अगदीच भिकार आहे हो. पण पुढचं पत्र वाचायचंय मला.”

नोंदणी किती झाली ते कंपनीने सांगितलं नाही, आणि अंदाजाने आकडे सांगायचं मी आता सोडलं आहे.

दुसऱ्या दिवशी मालकसाहेबांच्या खोलीत पुन्हा तिघेच. जाहिरातवाला आता गोड बोलत होता. त्याने एक कागद पुढे सरकवला. त्यावर तिच्या नावाने लिहिलेलं होतं की, माझ्या हातून चुकून मुख्य मशीनवर चहा सांडला, त्यामुळे आयत्या वेळी जुनं मशीन वापरावं लागलं आणि चित्रं कमी दर्जाची दिसली, त्याबद्दल दिलगीर आहे.

“खाली सही कर,” मालकसाहेब म्हणाले, “आणि जा, कामाला लाग. मी काही मनात ठेवणार नाही.”

“साहेब, चहा कुठे होता?”

“नसू दे गं. एक सही तर आहे.”

“परवा अंगठे हलवा म्हणालात, आज पेन हलवा म्हणताय.” तिने कागद परत सरकवला. “मी वायर काढली. चुकून नाही, जाणूनबुजून. असं लिहून आणा, दोन सह्या करते.”

तसा कागद कुणी आणला नाही. संध्याकाळी ती म्हातारीला पेटीत घालून घरी आली. म्हातारी कंपनीने मोडीतच काढली होती, तिला कोण अडवणार? आणि सही नसतानाच चहा मात्र कंपनीतून बाहेर पडला, गावभर फिरला, आमच्या इमारतीत आला. तिथून पुढे वर कसा चढला ते तुम्हाला ठाऊक आहे.

तो तिच्याही कानावर गेला. तिने सूचना फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी, एक कागद लावला: “मी चहा सांडलेला नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर दुसरा मजला, बेल दोनदा वाजवा.” मी गेलो. एकदाच वाजवली, घाबरत. तिने दार उघडलं.

“या काका. चहा घेणार? गार देऊ की उकळता?”

मी माफी मागितली. फोटोवाला आत बसून ऐकत होता.

आठ महिन्यांनी गेम बाजारात आला. नदी सपाट, पुलावर अकरा माणसं, छत्रीवाले तिघे भाऊ सुखरूप. इंटरनेटवर ट्रेलर बघून घेणारे संतापले. सभागृहात होते ते निवांत पत्रं शोधत बसले. गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात खुसपटचं नाव नाही.

ती आता बाबांच्या जुन्या दुकानात बसते. पाटीवर ‘फोटो’ आहे तसंच आहे, खाली तिने लिहिलंय: ‘नवा गेम घेण्याआधी म्हातारीवर बघून जा.’ लोक येतात, बघतात, कुणी घेतात, कुणी नाही. पगार होता तेवढं काही सुटत नाही. दोन कंपन्यांची धमकीची पत्रं आली. ती तिने दुकानाच्या काचेवर चिकटवली आहेत, अक्षरं बाहेरच्या बाजूला.

राहता राहिला तो चहा. त्या दिवशी स्टेजवर चहा नव्हता. नवरदेव ठणठणीत होता, कार्यक्रम संपेपर्यंत सुरू होता. वायर तिने सगळ्यांसमोर काढली, आणि म्हातारीवर खेळणार हे आदल्या दिवशी सांगून काढली.