बाजेखालून सांगितलेली झाडं

फांदी हातात आली की खाला आधी नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं की म्हणायची, "हौ, जीव हाय." भूमला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी ही विधवा मुसलमान बाई. माघ लागला की तिच्या अंगणात रंग उसळायचा अन् आमच्याकडं नुसता फुफाटा, काय सांगू तुम्हाला!

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. आधी रझाकारांना भिऊन आम्ही दारं लावून बसायचो. आता सूड घ्यायला टोळ्या फिरत होत्या अन् मुसलमानांची घरं भीतीनं थिजली होती. मी नुकतीच बाळंत झालेली. सासूबाईंनी खालाला ओढत आणलं ते थेट माझ्या बाजेखाली. सोयर असलेल्या खोलीत परका पुरुष पाऊल टाकत नाही, एवढाच आमचा आधार.

भीती अंगावर आली की खाला खालून झाडांचं बोलायची. "बेटी, तुमच्या अंगणात माघातच फुलंल असं लावू."

"गुलाब?"

"नक्को! लई लाडाचा. रोज घागर मागतो."

"मोगरा?"

"त्याला चैत उजाडतो. कुंपणाला पांगारा लाव, लालभडक. शेवगा मोरीपाशी, सांडपाण्यावर जगंल."

"आन् पळस?"

"लई सावकाश वाढतो गं. बघायला मी ऱ्हायले तर."

तेवढ्यात दार वाजलं. "शेजारची म्हातारी कुठाय?"

सासूबाई उंबऱ्यात आडव्या. "आत बाळंतीण हाय. शिरायचं तर शिरा, मग कुठं शिरला व्हता ते बायकोला सांगा."

खालाचा श्वास मला ऐकू येत होता. मी बाळाला चिमटा काढला. ते किंचाळलं. माणसं शिव्या देत गेली, पण बाज किती तरी वेळ हलत होती. मी थरथरत होते की खाला, कळेना.

बारसं झालं की खोली सगळ्यांना मोकळी. म्हणून त्याआधीच तिला सोलापूरला भावाकडं पोचवायचं ठरलं, तेही भर दिवसा, पाहुणी म्हणून. सासूबाईंनी आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं.

"कशी दिसते मी?"

"माझी थोरली बहीण."

"थोरली? धाकटी म्हना की!"

दोघी हसल्या. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "जाताना तुमच्या घराकडं तेवढं बघू नका. पाहुणी कशाला बघंल?"

मी झरोक्याशी उभी होते. खाला मला दिसली ती तेव्हाच शेवटची. बैलगाडी तिच्या कुंपणाला घासून गेली, एक वेल तिच्या खांद्याला अडकली. खालानं न बघताच ती सोडवली, पदर सावरला अन् समोर बघत राहिली.