एक नंबरचा बिल्ला

आमच्या दाजींच्या ताब्यात सृष्टी दिली असती, तर त्यांनी सर्वांत आधी तिला पाळ्या लावून दिल्या असत्या. सूर्याला पहिली पाळी, चंद्राला रात्रपाळी, आणि मनाला येईल तेव्हा उगवणाऱ्या चांदण्यांच्या नावावर अर्ध्या दिवसाचा खाडा. यात अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटेल त्यांनी दाजींच्या घरी एक रविवार काढला नाही, एवढंच मी म्हणेन. मी बरेच काढले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे घोडेगावकडचे, शेतकरी घरातले. नगरच्या बाहेर नागापूरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा त्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर ते कामाला लागले. फाटकाशी एक लांबलचक फळी होती. तिच्यावर ओळीनं खिळे आणि प्रत्येक खिळ्याला कामगाराचा नंबर घातलेला पितळी बिल्ला. आत जाताना कामगारानं आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, सुट्टी झाली की परत लावायचा. खिळा मोकळा असला म्हणजे माणूस आत कामावर आहे, आणि बिल्ला खिळ्यावर असला म्हणजे माणूस घरी आहे. त्यावर लक्ष ठेवणं हे दाजींचं काम. या रीतीवर त्यांचा असा काही जीव जडला, की फाटकाबाहेरचं जग इतक्या सरळ का चालत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

मग आक्का आजारी पडली. पाठ दुखते, पाठ दुखते म्हणता म्हणता मणक्याचा क्षय निघाला. नगरच्या डॉक्टरांनी तिला प्लास्टरमध्ये घालून पाठीवर उताणं झोपवलं आणि उठून बसायचं नाही असं सांगितलं. ते दुष्काळाचं साल होतं. सगळा जिल्हा रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी खात होता, खडी फोडत होता, आणि माझी बहीण छताच्या पत्र्याकडे बघत पडून होती. लग्नाआधी ती माझ्यासारखीच शाळेत शिकवायची. माझ्यापेक्षा चांगलं शिकवायची. मोठी मंगल तेव्हा चौथीत होती, धाकटी बेबी दुसरीत. आणि अशा वेळी दाजींनी काय करावं, तर दोन्ही मुलींची नावं शाळेतून काढली.

मी राहुरीकडच्या एका गावात शिक्षिका होते. बातमी कळल्यावर पहिली एस.टी. पकडून गेले ती भांडायच्या तयारीनंच. मी बरंच बोलले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. माझी नोकरी लागल्यापासून ते मला ‘बाई’च म्हणायचे. म्हणाले, “बाई, शाळंत पोरांना मास्तर मिळतो. हितं घरात मास्तरीन पडून हाय, तिला पोरं मिळंनात. तिचं कसं करायचं?” मी पिशवी उचलून आत निघाले. तेवढ्यात ते म्हणाले, “आधी पाव्हन्याचा बिल्ला घ्या. बिगरबिल्ल्याचं आत फिरता येत न्हाई.”

तेव्हा मी ती फळी पहिल्यांदा पाहिली. खोक्याच्या लाकडाची, दारामागं ठोकलेली. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे गोल बिल्ले कापून त्यांवर रंगानं नंबर टाकलेले. एक नंबर आक्काचा. दोन मंगलचा, तीन बेबीचा. दाजींनी स्वतःला चार नंबर घेतला होता, कारण घरात ते सर्वांत नवे कामगार आहेत असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या खिळ्याला पाहुण्याचा बिल्ला. फळीच्या खाली काळा रंग दिलेला मोठा पत्रा, त्यावर खडूनं पाडलेली घरं. आडवे वार, उभे तास. दर रविवारी दाजी तो ओल्या फडक्यानं पुसायचे आणि पुढच्या आठवड्याचं सगळं काम त्या घरांत मांडायचे. पाढे, शुद्धलेखन, भूगोल, दूध आणणे, आईची कूस बदलणे, आईचे औषध. शनिवारच्या एका घरात ‘मेन्टेनन्स’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे मुलींच्या डोक्यातल्या उवा काढणे. चुकलेली गणितं एका टोपलीत पडायची आणि तिला ‘रिजेक्ट’ म्हणायचे. कारखान्याचा भोंगा घरात ऐकू यायचा, त्यावर तास लागायचे. दाजींची पाळी बदलली की घराचीही बदलायची, त्यामुळं एका आठवड्यात पहाटे येणारा सातचा पाढा पुढच्या आठवड्यात दुपारी येत असे. भोंगा झाला की मुली फळीवरून आपापले बिल्ले काढायच्या. मंगल आईचा बिल्ला तिच्या पदराच्या टोकाला बांधून द्यायची आणि म्हणायची, “आई, तू कामावर.” सुट्टी झाली की दाजी तो स्वतः सोडून खिळ्याला लावायचे.

आक्काला मान वळवता येत नव्हती, त्याचीही सोय त्यांनी केली होती. महाराष्ट्राचा नकाशा त्यांनी वर छताच्या पत्र्याला, बरोबर तिच्या डोळ्यांसमोर चिकटवला होता. भूगोलाच्या तासाला दोन्ही मुली आईच्या दोन बाजूंना उताण्या झोपायच्या. हातात लांब वेताची काडी. “प्रवरा कुठून निघाली?” आक्का विचारायची, आणि काडी पत्र्यावर टकटक करत भंडारदऱ्यापाशी जायची. मी इतकी वर्षं मुलांना ताठ बसवून भूगोल शिकवत आले, पण नदी अशी डोक्यावरून वाहताना मी तिथंच पाहिली.

बेबी फार रडायची. सकाळी उठली की आई का बसत नाही म्हणून रड, जेवताना रड, पाढे म्हणताना रड. दाजींनी तिला रागावून पाहिलं नाही, समजावून पाहिलं नाही. त्यांनी पत्र्यावर दुपारी चारच्या घरात ‘रडणे’ असं लिहिलं आणि पुढच्या घरात ‘गूळ-शेंगदाणे’. मग बेबीनं सकाळी तोंड वाकडं केलं की मंगल पत्र्याकडे बोट दाखवायची. बेबी घरं मोजायची आणि थांबायची. चार वाजेपर्यंत ती बहुतेक विसरून गेलेली असे, पण वेळ लावून दिलेली आहे म्हणून कोपऱ्यात जाऊन थोडंसं रडून यायची. आक्का इतकी हसायची की प्लास्टर दुखायचं.

त्या पहिल्या भेटीत पाहुण्याचा बिल्ला चुकून माझ्या पिशवीत राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला बघते तर धुळीनं पांढरे झालेले दाजी सायकल घेऊन फाटकात उभे. मला वाटलं, आक्काला काही झालं. तर म्हणाले, “बिल्ला राहिला तुमच्याकडं.” एवढ्यासाठी नागापूरहून राहुरीकडं सायकल मारत आलात का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “खिळा मोकळा म्हंजी मानूस आतच धरावं लागतंय, बाई. काल मंगलनं तुमच्या वाटनीची भाकर थापली आन् झाकून ठिवली. आज परत थापली. मिलो किती दिस पुरंल?” बिल्ला खिशात घालून, पाणी पिऊन ते आल्या पावली परत गेले.

असं वर्ष गेलं. मंगल भराभर पुढं जात होती. चौथी संपली, पाचवी संपली. मग एका रविवारी माझ्या ध्यानात आलं, की पत्र्यावर मागच्याच आठवड्याचं काम पुन्हा मांडलेलं आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यातही तेच होतं. मी दाजींना म्हटलं, “तिला हे सगळं येतंय. पुढं का सरकत नाही?” ते मला बाहेर नळापाशी घेऊन गेले. नळाला पाणी नव्हतंच. रिकामी बादली खाली ठेवून ते म्हणाले, “डाक्टर म्हनले, दुखनं आता मनक्यापुरतं राह्यलं न्हाई. वर चढलंय. किती दिस, ते सांगत न्हाईत.” मग बादलीची कडी सरळ करत म्हणाले, “आर्डर संपली का पाळी बंद व्हती, बाई. मी लई कामगार बघितलेत. काम शिल्लक हाय म्हनलं का मानूस ताप अंगावर घिऊन येतं. मी आर्डर संपू देनार न्हाई.”

आणि त्यांनी ती खरोखर संपू दिली नाही. पत्र्यावर नवे नवे तास निघायला लागले. विणकाम आलं. इंग्रजी आलं. आमच्या शाळेत कुणी नाव काढत नाही अशा दक्षिण अमेरिकेचं हवामान बेबीला तोंडपाठ झालं आणि तिचा आठचा पाढा मात्र अजून रिजेक्टच्या टोपलीत होता. नगरच्या जुन्या बाजारातून दाजी कसलीही पुस्तकं उचलून आणायचे. एकदा कोंबड्यांच्या रोगांवरचं आणलं, तेही आक्कानं महिनाभर शिकवलं. ती दिवसेंदिवस सुकत चालली होती, आवाज बसत चालला होता, पण भोंगा झाला की पदर पुढं करायची. मला एकदा हळूच म्हणाली, “यांना वाटतं मला कळत नाही. मला सगळं कळतंय गं. पण कामावर असलं की बरं वाटतं.”

मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. सहावीचं गणिताचं पुस्तक दाजी उन्हाळाभर पुरेल असं दर आठवड्याला थोडं थोडं पत्र्यावर मांडत होते. पण मंगल पडली आक्काची मुलगी. दाजींना चकित करायचं म्हणून, ते कामावर असताना तिनं ओव्हरटाईम सुरू केला. रोज थोडं थोडं जास्त. होळीच्या सुमारास तिनं शेवटच्या पानावरचं काळ-काम-वेगाचं उदाहरण सोडवलं, वही आईच्या डोळ्यांसमोर धरली, आणि आक्का म्हणाली, “झालं बाई सगळं. शाबास.” संध्याकाळी दाजी आले तेव्हा दोघी बहिणींनी पत्र्यावरची गणिताची सगळी घरं पुसून कोरी करून ठेवली होती. दाजींनी त्या कोऱ्या घरांकडे पाहिलं आणि मंगलच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा मात्र घेतला नाही.

त्याच आठवड्यात, सकाळच्या वाचनाच्या तासाला आक्का गेली. बेबी धडा वाचत होती. आईनं चूक काढली नाही म्हणून तिनं वर पाहिलं.

मी पोचले, तिला न्हाऊ घातलं. जुन्या लुगड्याच्या पदराला बिल्ला बांधलेला होता. गाठ सोडून मी तो दाजींच्या हातात दिला. ते तो घेऊन फळीपाशी गेले, एक नंबरच्या खिळ्यासमोर उभे राहिले. मग परत आले आणि तिला नेसवलेल्या हिरव्या लुगड्याच्या पदराला त्यांनी तो पुन्हा बांधला. शेजारची म्हातारी म्हणाली, “अरं, पत्रा कशाला संगं देतूस?” दाजींनी गाठ नीट आवळली.

दिवस घातल्यानंतरची गोष्ट. मी भांडी आवरत होते. मंगल येऊन शेजारी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मावशी, मी पुस्तक लवकर संपवलं म्हणून आई गेली का?” काम संपलं की पाळी बंद, हे दाजींचं बोलणं तिनं कधी ऐकलं कोण जाणे. दाजी दारातच होते. त्यांनी ऐकलं. आत जाऊन ते मंगलची वही आणि माझी लाल पेन्सिल घेऊन आले. म्हणाले, “कुठं संपलंय? ह्ये शेवटचं चुकलंय तुझं. रिजेक्ट हाय. काम शिल्लकच हुतं, पोरी. आईला ठाव हुतं, पन तुझं मन मोडाया नको म्हनून बोलली न्हाई. बाई, बघा बरं.”

मी उदाहरण पाहिलं. उत्तर बरोबर होतं. एकेक पायरी आक्कानं शिकवल्यासारखी स्वच्छ मांडलेली होती. मी लाल पेन्सिलीनं त्यावर फुली मारली आणि म्हटलं, “हो, चुकलंय.” मंगलनं वही घेतली, बराच वेळ त्या फुलीकडे पाहिलं, आणि मग ती माझ्या मांडीवर पडून रडली. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. पत्र्याकडे कुणी पाहिलं नाही, पण चारच वाजले असतील. बेबी येऊन बसली, आणि दाजीही आपला चार नंबर खिशात घालून आमच्याजवळ खाली बसले.

जूनमध्ये दोघींची नावं पुन्हा शाळेत घातली. आठवड्याभरातच तिथल्या गुरुजींनी दाजींना बोलावून घेतलं. भिंतीवर नकाशा टांगून त्यांनी मंगलला प्रवरा दाखवायला सांगितलं होतं. ती नकाशापाशी गेली, गोंधळली, आणि सगळ्या वर्गादेखत जमिनीवर उताणी झोपून वर बघायला लागली. वर्ग खो खो हसला. गुरुजींना वाटलं पोरीला घेरी आली. दाजी मला हे सांगत होते तेव्हा तेही हसत होते, आणि हसताहसता त्यांना पुढचं सांगता येईना.

आता मंगल स्वतः शिकवते. बेबी सासरी सुखात आहे, आणि तिच्या घरी कुणीही केव्हाही रडू शकतं. दाजी थकले. सायकल कधीच गेली. पण फळी दारामागं आहे, आणि मी गेले की अजून आधी पाहुण्याचा बिल्ला घ्यावा लागतो. परवा निघताना तो परत लावायला गेले. बाकीचे सगळे बिल्ले जागच्या जागी होते, रंग उडालेले, कडा गंजलेल्या. एक नंबरचा खिळा तेवढा मोकळा, आणि तो चकचकीत होता. जवळून पाहिलं तर त्याला तेलाचं बोट लावलेलं. इतक्या वर्षांचा गंज त्याच्यावर चढू दिलेला नव्हता.

दाजी खाटेवरून म्हणाले, “सुट्टी झाली का लागंल तो.”