टाकीचं झाकण

आज फवारणी पंपाच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि कोंडलेली हवा फुस्सदिशी सुटली. माझा हात तिथंच थांबला.

त्या वर्षी गोदावरीला पूर होता. शेळ्या सोडायला गेलेले दगडूमामा मळ्यातल्या बाभळीवर अडकले होते. गावाची जुनी मोटारबोट मी ट्रॅक्टरवर घालून आणली, कारण गावचा मेकॅनिक मीच. वाटेत पेट्रोल सांडू नये म्हणून टाकीच्या झाकणावरचा हवा आत घेणारा स्क्रू आवळला, तो सैल करायचा राहिला.

पुराच्या पाण्यात अर्ध्या वाटेत बोटीचं इंजिन बंद पडलं. सोबत बोटीत बसलेल्या महादूकाकांनी एक फांदी धरून बोट थांबवली.

"काय झालं रं?"

"पेट्रोलच येईना गेलंय, काका."

नळीतला पेट्रोल ओढायचा रबरी फुगा दाबला, तो चपटाच राहिला. मी कार्बोरेटर खोलला, फिल्टर धुतला, नळी फुंकली. पलीकडं मामा डोक्याचा पटका सोडून हलवत होते. शेवटी पेट्रोल बघायला झाकण उघडलं. फुस्स! टाकीत हवा शिरली, फुगा भरला, इंजिन एका झटक्यात लागलं. मान वर केली, तर बाभळीच्या काट्यांत पटका तेवढा राहिला होता.

"कशानं बंद पडलं होतं?" काकांनी विचारलं.

"कचरा होता," मी म्हणालो.

मामी अजून भेटली की म्हणते, "तू लय धडपड केलीस रं बाबा."