अंबूबाईंची मिश्री

मुरगूडजवळच्या एका गावात अंबूबाईंना माणसं वचकून असत. तंबाखूमुक्ती समितीच्या त्या अध्यक्षा. शाळेसमोरची पानटपरी त्यांनी हलवायला लावली, आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बिडी ओढत बसलेल्या सरपंचाच्या चुलत्यालाही चारचौघांत उठवलं. बाई तोंडाची फाटकी पण मनाची खरी, असं लोक म्हणत. कुणी कौतुकानं, कुणी वैतागून.

नवरा हंबीरराव जन्माचा तंबाखूवाला. समितीच्या पहिल्याच सभेत बायकोची लाज राखायला त्यांनी आपली चंची सगळ्यांदेखत टेबलावर ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "माझं सुटलं. आता तुझी डबी?"

डबी मिश्रीची. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून बारीक केलेली तंबाखूच, पण अंबूबाईंच्या लेखी ती दात घासायची वस्तू. त्या सकाळी लावत, जेवल्यावर लावत, भांडण झाल्यावर लावत आणि समितीच्या सभेला निघतानाही लावत. "ती काय तंबाखू हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "माझ्या आयनं जन्मभर लावली." हंबीररावांनी विषय पुन्हा पुन्हा काढून पाहिला आणि दर वेळी त्यांना हेच उत्तर मिळालं.

यंदा ते झोपेतच गेले. रक्षाविसर्जनाला वेदगंगेकाठी नैवेद्य मांडला. त्यांच्या आवडीची भजी, शिरा, दुधाचा चहा. कावळे बाभळीवर बसून राहिले, खाली एक उतरेना. पोरांना सांभाळतो, बांधाचं भांडण मिटवतो, अशी भावकीनं सुचतील ती वचनं देऊन पाहिली. ऊन चढलं. शेवटी धाकटा दीर कृष्णात हळूच म्हणाला, "वैनी, दादाचा जीव तंबाखूत अडकलाय. एक पुडी ठेवूया की." बऱ्याच जणांचे हात खिशाकडे गेले आणि अंबूबाईंकडे बघून तिथंच थांबले.

पुडी ठेवावी तर समितीचं हसं, न ठेवावी तर नवऱ्याचा जीव अडकलेला. अंबूबाईंनी एकदा नैवेद्याकडं आणि एकदा बाभळीकडं पाहिलं.

"त्यांनी सोडली म्हंजे सोडली," त्या म्हणाल्या. "ऱ्हायलंय ते माझं." त्यांनी कनवटीची डबी काढली, सगळ्यांसमोर उघडली, मातीत उपडी केली आणि वर पायानं माती ओढली. "व्हय, ही बी तंबाखूच. या आता."

कावळा शिवला. तो वचनाला शिवला की भज्यांना, यावर गावात अजून वाद चालतो. अंबूबाई त्यात पडत नाहीत. सकाळी चुलीपुढं बसलं की त्यांचा हात आपसूक कनवटीला जातो आणि रिकामाच परत येतो. "सुटली की," असं त्या मोठ्यानं म्हणतात. ज्याला ते ऐकायचं होतं, तो माणूस तेवढा घरात नाही.